मशीनचे खाडे

"मशीन खाडे करतंय," हंचाटेबाई म्हणाल्या.

मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि रिपोर्टच्या कागदावर 'बिघाडाचे स्वरूप' या रकान्यात पेन टेकवलं. तिथे कंपनीनं सहा पर्याय छापून दिले होते: पाणी येत नाही, पाणी जात नाही, तापत नाही, फिरत नाही, गळतं, आवाज करतं. खाडे करतं हा सातवा पर्याय कंपनीला सुचलेला नव्हता.

"म्हणजे मधूनच बंद पडतं का, मॅडम?"

"बंद पडत असतं तर मी बंद पडतं म्हणाले असते." बाई एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. चष्म्यावरून बघायची सवय तेव्हाची. "एखाद्या दिवशी येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं कामाला लागतं. काल का आलं नाहीस म्हणून विचारलं तर उत्तर नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"सवय आहे," बाई म्हणाल्या.

आतल्या खोलीतून त्यांचे यजमान, अप्पा, मोठ्यानं म्हणाले, "त्याला चहा विचार."

"अहो, मशीनवाला आलाय."

"तेच म्हणतोय. मशीनला विचारून काय उपयोग?"

अप्पांना कमी ऐकू यायचं. पण जेवढं ऐकू यायचं तेवढ्यावर ते ठाम असायचे.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि सोलापुरात भांडी घासायच्या मशीनचा एकमेव डॉक्टर होतो. त्यात मोठेपणा काही नव्हता. आमच्या सर्व्हिस सेंटरच्या यादीत अशी मशीनं एकोणीस, बाकी सगळे फ्रिज. पुण्याला सहा दिवसांच्या ट्रेनिंगला कोणी जायला तयार नव्हतं, कारण त्या आठवड्यात गड्ड्याची जत्रा होती. मी गेलो आणि तज्ज्ञ होऊन परत आलो.

हंचाट्यांचं मशीन तेरा वर्षांचं होतं, पुण्यातल्या मुलानं घेऊन दिलेलं. दाराचा पांढरा रंग सायीसारखा पिवळट झालेला. मी ते ओट्याखालून बाहेर ओढलं आणि पाठ उघडली. पंप बरोबर. हीटर बरोबर. आत पाणी फवारणारे दोन हात असतात, एक वर, एक खाली; बोटानं ढकलले तर मऊ फिरले. सोलापूरचं पाणी जड. तेरा वर्षांत आत क्षारांचा बोटभर थर बसायला हवा होता. नव्हता.

मग मी फिल्टर काढला. ज्योतिषी कुंडली बघतो तसा आम्ही फिल्टर बघतो. घरात काय शिजतं, कोण ताटात टाकतं, कोणाचा दात पडला, सगळं तिथं येऊन बसलेलं असतं. हंचाट्यांचा फिल्टर कोरा होता. मोहरीचा एक दाणा नाही. तेरा वर्षं जेवणाऱ्या घराचा असा फिल्टर मी आधी पाहिला नव्हता. मानेवर कोणीतरी हळूच फुंकर घातल्यासारखं वाटलं, पण त्यासाठीही कागदावर पर्याय नव्हता.

"याच्यात खरकटं कधी गेलंच नाही का?"

"खरकटं कसं जाईल? मल्लूबाई आधी घासायची, विसळायची, मग मशीनमध्ये लावायची. आता मी विसळून लावते."

"मग मशीन काय करायचं?"

"फिरायचं," बाई म्हणाल्या. "माझा मशीनवर विश्वास नव्हता आणि मुलाला वाईट वाटू द्यायचं नव्हतं."

मल्लूबाई म्हणजे माझी आई.

हे मी बाईंना सांगितलं नाही. आईनं या घरात एकोणीस वर्षं भांडी घासली आणि मला कधी इथं पाऊल ठेवू दिलं नाही. 'माझ्या कामाच्या घरी यायचं नाही, रेवण्या,' एवढा एकच नियम तिनं मला घातला होता, आणि तो एकच मी पाळला. आमच्या घरात दोन धंदे होते. आई भांडी घासायची आणि मी भांडी घासायची मशीनं दुरुस्त करायचो. संध्याकाळी आम्ही दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर बसून जेवायचो. "बाईंच्या त्या मशीनला," ती म्हणायची, "मी रोज घासलेली भांडी दाखवते. बघून घेतंय बिचारं." जेवण झालं की मी उठायचो. माझं ताट ती घासायची. मी तज्ज्ञ होतो. हातानं घासणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

दहा महिन्यांपूर्वी ती गेली होती. ताप आला, तीन दिवस राहिला, आणि जाताना तिला घेऊन गेला. हंचाटेबाई तेव्हा मुलाकडे पुण्यात होत्या. मीच फोन करून सांगितलं होतं, मल्लूबाई आता येणार नाही. त्या "अरे देवा" म्हणाल्या, जरा थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "दुसरी कोणी आहे का ओळखीत?"

जानेवारीत त्या परत आल्या. कामाला दुसरी बाई काही मिळाली नाही. मशीन होतंच.

"खाडे कधी करतं, मॅडम? काही ठरावीक?"

बाई मला स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. खिळ्यावर चालू वर्षाचं कॅलेंडर, त्याच्या मागं गेल्या वर्षाचं, त्याच्या मागं त्याच्या आधीचं. सगळी मिळून भिंतीपासून वीतभर पुढं आलेली. दुधाच्या खुणा तिथेच, गॅस कधी लावला ते तिथेच, खाडे तिथेच. चालू वर्षात लाल पेनच्या आठ फुल्या होत्या. दर महिन्याला एक, दुसऱ्या बुधवारी.

"हे मशीनचे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पानं वर उचलून मागचं वर्ष दाखवलं. दुसरा बुधवार. त्याच्या मागचं. दुसरा बुधवार. "आणि हे मल्लूबाईचे. एरवी खाडा नाही. पाऊस असो, अंग दुखो, यायची. फक्त दुसरा बुधवार नाही. कुठं जातेस विचारलं तर हसायची."

मी पानं पुन्हा उलटून फुल्या मोजल्या.

मशीननं तिची सवय उचलली, हे मी समजून घेतलं असतं. तेरा वर्षं एका ओट्याशी काम केलं की माणसंसुद्धा उचलतात. मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. दुसऱ्या बुधवारी आई घरीही नसायची. रोजच्यासारखी वेणी घालून, 'हंचाटेबाईंकडं निघाले' म्हणून सांगून ती साडेनऊला बाहेर पडायची आणि चारला परत यायची. एकोणीस वर्षं, महिन्याचा एक दिवस, माझी आई कुठं होती ते मला ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. कोणाला ठाऊक असलंच तर ते आमच्या पायाशी पाठ उघडी टाकून पडलं होतं.

"मुलानं नवीन मशीन सांगितलंय," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येईल. हे जुनं तेच घेऊन जाणार आहेत, फक्त तुमचा रिपोर्ट लागतो. दुरुस्त होण्यासारखं नाही असा. देता लिहून?"

"परवा बुधवार आहे," मी म्हटलं. "दुसरा. एकदा बघतो, मग लिहितो."

बुधवारी मी दहाला हजर झालो. सकाळची भांडी सिंकमध्ये होती. ती मी स्वतः मशीनमध्ये लावली. वाट्या पालथ्या, तीन-तीनच्या ओळीत, चमचे तांब्यात उभे. बाई मागं उभ्या राहून बघत होत्या.

"हे कंपनी शिकवते?"

"हो," मी म्हटलं. कंपनी असलं काही शिकवत नाही.

दार लावलं. खटका बसला, हिरवा दिवा लागला. मी हात काढला आणि दार चार बोटं उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा चार बोटं. धाडकन नाही, माणूस समजावून सांगतं तसं, आज नको म्हणून. माझ्याकडे नवा खटका होता तो बसवला. नव्या खटक्यानंही चार बोटं. मग मी दारावर आडवी-उभी चिकटपट्टी मारली आणि पाना उचलायला वाकलो. वर बघितलं तर दार चार बोटं उघडं, आणि चिकटपट्टी निघून, नीट गुंडाळी होऊन, ओट्याच्या कडेला ठेवलेली. आई सुतळी, पिशव्या, चिकटपट्टी, काही टाकून द्यायची नाही.

मी प्लग उपटला. मल्टिमीटर लावला, काटा शून्यावर. हिरवा दिवा चालू. प्लग मी शर्टाच्या खिशात घातला, न जाणो.

"जेवून घ्या," बाई म्हणाल्या. "एकपर्यंत काही होत नाही."

"एकला काय होतं?"

"जेवून घ्या."

मला त्यांनी टेबलावर वाढलं. समोर गॅलरीची खिडकी होती. खिडकीच्या कट्ट्यावर एक ॲल्युमिनियमचं ताट आणि कान तुटलेला कप पालथा घातलेला होता, घरातल्या भांड्यांपासून बाजूला. कोणाचं ते मी विचारलं नाही. पालथ्या कपाला टेकवून ताट कलतं ठेवायची ती तऱ्हा मी आमच्या घरी रोज बघितलेली होती.

एक वाजता मशीनचं दार आपोआप लागलं. खट्.

पाणी भरल्याचा आवाज आला नाही, मोटरचा नाही. वेगळाच काहीतरी यायला लागला. मी ओट्याला कान लावला. भाकरी मोडल्याचा आवाज होता तो. कडक भाकरी. मग थोडी शांतता, मग आमटीचा भुरका. आत कोणीतरी घाई न करता जेवत होतं. मध्येच पाण्याचा घोट, आणि पेला खाली ठेवल्याचा टक्.

"कोण जेवतंय?" अप्पांनी आतून विचारलं.

अप्पांना ऐकू गेलं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

हे वीस मिनिटं चाललं. प्लग खिशातच होता. मी तीनदा चाचपला. मग दार उघडलं, या वेळी पूर्ण. माझ्या वाट्या तशाच पालथ्या, चमचे तांब्यात. आणि खालच्या जाळीवर, जिथं मी काही ठेवलं नव्हतं, तिथं स्टीलचं कप्प्यांचं एक ताट. उष्टं. शेंगाचटणीचा लाल ओघळ, कांद्याचा पापुद्रा, पिळलेलं लिंबू, भाकरीचा चुरा. मी हात लावला. ताट कोमट होतं.

मी खाली बसलो. बसलेलाच होतो, तरी आणखी खाली बसलो.

हंचाटेबाईंनी चष्मा वर सरकवला. "नऊ," त्या म्हणाल्या.

"काय नऊ?"

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि दिवाणाची फळी उचलली. आत, गाद्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आठ ताटं होती. तशीच, कप्प्यांची. प्रत्येकाच्या काठावर टोच्यानं नाव घातलेलं: शिवलीला खानावळ.

"मॅडम, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? आठ महिन्यांत मी खानावळीची आठ ताटं जमवली म्हणून? एकतीस वर्षं शिकवलंय मी या गावात."

"आणि धुतली कोणी?"

"मशीननंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम ते. मी हात लावायच्या आत."

गुरुवारी सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. मशीन घरघरत होतं, शहाण्यासारखं. थांबल्यावर दार उघडलं तर नववं ताट लख्ख, कुठं तेलाचा डाग नाही.

अप्पांनी तोवर निकाल दिलेला होता. "ज्याचं त्याला देऊन टाका. आणि रिकामं देऊ नका."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, मग ते कुठल्याही वाटेनं आलेलं असो. बाईंनी नऊ ताटं एकावर एक रचली, सगळ्यात वरच्या ताटाच्या कप्प्यात वाटीभर साखर घातली आणि जुन्या पडद्याच्या फडक्यात सगळं बांधून माझ्या हातात दिलं.

"कुठं सापडली विचारलं तर?"

"खरं सांगू?"

बाईंनी जरा विचार केला. "नको. कंपनीकडून म्हणून सांगा."

शिवलीला खानावळ जुन्या मिलच्या मागं होती. सहा टेबलं, एक मोरी, आणि आत तव्यापाशी इराक्का. साठीची असावी, कोपरापर्यंत पिठानं पांढरी. मी गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं गाठ सोडली, चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि बोटानं ताटांचे काठ मोजले.

"नऊ. बरोबर आहेत की."

"कंपनीकडून," मी म्हटलं.

"कसली कंपनी?"

यापुढचं बाईंनी सांगितलेलं नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं ताटं जातात ते?"

"दर महिन्याला दाराजवळच्या टेबलावरनं एक ताट जातंय, ते मला कळणार नाही व्हय? आधी वाटलं, कोण गिऱ्हाईक नेतंय. वाढप्याला राखणीला बसवलं. डोळ्यादेखत गेलं म्हणाला. मग बघितलं, तर बुधवारच. दुसरा. म्हटलं, असू दे. तिची सवय हाय ती."

"कोणाची?"

"एक बाई यायची. बोलायची नाही फार. कुठंतरी भांड्याला जायची, हातावरनं कळतंय की." इराक्कानं भाकरी उलटली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "नाक तुझ्यासारखंच होतं."

मी स्टुलावर बसलो.

"पहिल्या दिवशी जेवली आणि ताट उचलून मोरीकडं निघाली. म्हटलं, अगं बाई, ठेव तिथंच, इथं जेवणाऱ्यानं ताट उचलायचं नसतंय. तर ताट धरून उभीच राहिली. मला वाटलं बहिरी हाय. मग ठेवलं हळूच, काय फुटंल म्हणून. आणि जाऊन दारात उभी राहिली. वाढप्यानं ताट उचललं, मोरीत नेलं, दुसऱ्यानं घासलं. घासून पालथं पडेपर्यंत बघितलं तिनं. मग गेली."

"पुढच्या महिन्यात परत आली?"

"पुढच्या, आणि त्याच्या पुढच्या. वीसेक वरसं झाली असतील. जेवायला यायची नाही ती, मला विचारशील तर. आमचं जेवण एवढं काय चांगलं नाही. ती दारात उभं राहायला यायची."

तव्यावर भाकरी फुगली. इराक्कानं ती फडक्यानं दाबली, वाफ निघून गेली.

"ती वारली," मी म्हटलं.

"कळलं मला. जानेवारीत पहिलं ताट गेलं, तेव्हाच." ती ताटं उचलून फळीवर लावायला लागली, मग एक हातात धरून थांबली. काठावर बोट फिरवलं. "ताट जातंय त्याचं काय नाही रे. पण एवढं लख्ख करून तिकडं घासतंय कोण?"

मी मशीन म्हणणार होतो.

पुढच्या महिन्यातला दुसरा बुधवार. नवीन मशीन गुरुवारी सकाळी यायचं होतं. रिपोर्टचा कागद माझ्या खिशात घडीवर घडी पडून कोराच होता. मी कामावर आजारी असल्याचं कळवलं, हंचाटेबाईंना शिवलीलात जेवणार असल्याचं कळवलं आणि एकला शिवलीलामध्ये जाऊन दाराजवळच्या टेबलावर बसलो. समोरचं स्टूल रिकामं होतं. वाढप्यानं ते आपसूक थोडं मागं सरकवलं आणि मग आपणच असं का केलं म्हणून त्याकडं बघत राहिला.

मी जेवलो. भाकरी, चटणी, आमटी, कांदा. भाकरीचे काठ मी लहानपणापासून टाकतो, ते टाकले. मग ताट तसंच ठेवून उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. तिथून मोरी दिसते, तवा दिसतो, आणि आपलं उष्टं ताट दिसतं, एकटं. वाढपी टेबलाकडं निघाला. बाहेरून एक टेम्पो गेला, मी एकदाच मान वळवली. परत बघितलं तर वाढपी रिकाम्या टेबलापुढं उभा होता.

"आज तुझंबी गेलं," इराक्का तव्यापासून म्हणाली.

माझा फोन वाजला.

"आज दोन आली आहेत," हंचाटेबाई म्हणाल्या. "एक नेहमीचं. दुसऱ्यात भाकरीचे काठ टाकलेत. तुझं का ते?"

त्यांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

"हो."

"काठ टाकू नयेत म्हणून कोणी सांगितलं नाही तुला?"

"सांगायची."

"ये," त्या म्हणाल्या. "मी हात लावत नाही."

मी पोचलो तेव्हा मशीनचं दार चार बोटं उघडं होतं, हिरवा दिवा चालू. दोन्ही ताटं खालच्या जाळीवर, एकमेकांना टेकलेली. मी ती काढली, सिंकमध्ये ठेवली आणि दार परत जसं होतं तसं केलं, चार बोटं.

"काथ्या नळाच्या मागं आहे," बाई म्हणाल्या. "मल्लूबाईचाच."

चोवीस वर्षांच्या आयुष्यात मी हातानं घासलेलं ते पहिलं ताट; आई गेल्यापासून मी पत्रावळीवरच जेवत आलो होतो. आधी आईचं घेतलं. चटणीचं तेल लवकर सुटत नाही, हे मला कोणी पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. कप्प्यांच्या कोपऱ्यात बोट घालावं लागतं. काठावर टोचलेल्या नावात साबण अडकतो. मी घासत होतो आणि पाठीमागं, गुडघ्याच्या उंचीवर, कोणीतरी दारात उभं होतं. मी वळलो नाही.

"तो फोन तूच केला होतास," बाई बाजूला येऊन म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आवाजावरून वाटलं होतं. मग वाट्या लावल्यास तेव्हा खात्री झाली."

"मग बोलला नाहीत."

"काय बोलणार? दुसरी कोणी आहे का, हे विचारायला मला किती वेळ लागला होता, ते मला आठवतं. तुला आठवतं का?"

"नाही," मी म्हटलं.

बाईंना ते पटलं नाही. त्या गॅलरीत गेल्या आणि खिडकीतलं ॲल्युमिनियमचं ताट आणि कप घेऊन आल्या. "हे तिनंच पहिल्या दिवशी बाजूला ठेवलं होतं. मी काही ठेव म्हटलं नव्हतं." मग म्हणाल्या, "आत ठेव असंही कधी म्हटलं नाही." त्यांनी मांडणीतली त्यांची ताटं थोडी सरकवली आणि ते मध्ये लावलं. एकोणीस वर्षांनी. भांड्याला भांडं लागून बारीक आवाज झाला.

मी ताट विसळलं, पालथं घातलं. मग माझं घासलं.

बाई लाल पेन घेऊन कॅलेंडरपुढं उभ्या राहिल्या. "फुली मारू?"

"फुली नको. सुट्टी लिहा."

त्यांनी फळ्यावर लिहावं तसं, शिरोरेघ ओढून, चौकोनात मावेल असं लिहिलं: सुट्टी.

मागं ओट्याखाली खट् झालं. आम्ही दोघांनी वळून बघितलं. दार लागलं होतं, आणि हिरवा दिवा गेला होता. मी प्लग बघितला, भिंतीत होता. बटण दाबलं, दुसरं दाबलं. दार ओढलं, तर मुकाट उघडलं आणि जिथं सोडलं तिथंच राहिलं, कुठल्याही मशीनच्या दारासारखं. आत काही नव्हतं. मी खिशातून रिपोर्ट काढला, सहाही पर्यायांवर काट मारली आणि बिघाडाच्या रकान्यात लिहिलं: सेवानिवृत्त.

खट्चा आवाज अप्पांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला.

"कोण गेलं?" त्यांनी आतून विचारलं.

"मल्लूबाई," बाई म्हणाल्या.

"उद्या येणार आहे ना?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. हे त्या घराला सांगायची माझी दुसरी वेळ होती.

"नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "मल्लूबाई आता येणार नाही."

दुसरी कोणी आहे का, असं या वेळी बाईंनी विचारलं नाही. त्यांनी पदर खोचला, ओट्यावरचा काथ्या उचलला आणि सिंकमध्ये पडलेली सकाळची भांडी घासायला लागल्या.